गादीवरून उतरताना

नोकरी करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात निवृत्तीची तारीख पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते. त्या दिवशी कचेरीत शाल आणि श्रीफळ मिळते, दोन शब्द बोलले जातात आणि दुसऱ्या सकाळी माणूस मोकळा होतो. व्यापाऱ्याला अशी तारीख कोणी देत नाही. पेढीची गादी वडिलांकडून आलेली असते, तिजोरीच्या किल्ल्या कमरेला असतात आणि 'अजून हातपाय चालतात, मग बसायचे कशाला' हा प्रश्न वयाच्या साठीलाही तितकाच खरा वाटतो आणि पंचाहत्तरीलाही. त्यामुळे आपल्या समाजातील अनेक घरांत निवृत्तीचा निर्णय घरातला कर्ता पुरुष घेतच नाही. पक्षाघाताचा झटका, अधू झालेली दृष्टी किंवा मोडलेले खुब्याचे हाड तो निर्णय त्याच्यासाठी घेते. तेव्हा जे हस्तांतर होते त्यात ना समारंभ असतो, ना शांतता. उधारीची अर्धी खाती वडिलांच्या स्मरणात, कागदावर काहीच नाही, आणि मुलगा रुग्णालयाच्या बाकावर बसून व्यापाऱ्यांचे फोन घेत असतो.

या विलंबाची किंमत दोघांनाही मोजावी लागते. पंचेचाळिशीचा मुलगा गावात अजून 'छोटे शेठ' म्हणून ओळखला जातो. माल तो आणतो, गिऱ्हाईक तो सांभाळतो; पण धनादेशावर सही वडिलांची लागते. त्याच्या मुलांची लग्ने जवळ आली तरी एखाद्या नव्या कंपनीची एजन्सी घ्यावी की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो. दुसरीकडे वडिलांनाही ठाऊक असते की बाजार बदलला आहे. भाव आता मोबाइलवर कळतो, पैसे फोनवरून येतात, विवरणपत्र संगणकावर भरले जाते. तरीही ते रोज सकाळी गादीवर येऊन बसतात, कारण दुसरीकडे कुठे बसावे हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. गादी सुटली की आपणही सुटलो, ही भीती त्यांच्या मनात असते. ती बोलून दाखवली जात नाही, म्हणूनच तिचा विचार मोकळेपणाने व्हायला हवा.

आनंद श्रावकाची पौषधशाला

गादी सोडणे म्हणजे पराभव, असे मानण्याचे आपल्या परंपरेला मुळीच कारण नाही. उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांतील पहिला वाणिज्यग्रामचा आनंद गाथापती. त्याच्या ऐश्वर्याचा तपशील सूत्रात हिशेबाच्या वहीसारखा दिला आहे. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यापारात गुंतवलेले आणि चार कोटी घरसंसाराच्या वैभवात. गाईंचे चार कळप, प्रत्येकी दहा हजारांचे. शिवाय शेकडो गाडे आणि जलमार्गाने व्यापार करण्यासाठी नौका. असा हा मनुष्य केवळ धनिक नव्हता. राजापासून सार्थवाहापर्यंत सर्वजण आपल्या अडचणी त्याच्याकडे आणीत आणि त्याचा सल्ला घेत.

आनंदाने भगवंतांसमोर श्रावकाची बारा व्रते घेतली, पण व्यापार सोडला नाही. परिग्रहाची मर्यादा बांधून तो चौदा वर्षे संसारात आणि व्यवहारात राहिला. पंधराव्या वर्षी त्याच्या मनात आले की इतक्या लोकांच्या कामांचा भार डोक्यावर असताना धर्माराधना पुरेशी होत नाही. मग त्याने काय केले, हे आजच्या प्रत्येक शेठजीने लक्ष देऊन वाचण्यासारखे आहे. त्याने आप्तांना आणि मित्रांना बोलावले, त्यांना भोजन दिले, त्यांचा सत्कार केला आणि सर्वांच्या समक्ष ज्येष्ठ पुत्राला कुटुंबाचा प्रमुख केले. नंतर त्याने सर्वांना सांगितले की यापुढे कोणत्याही व्यवहारात मला विचारू नका आणि माझ्यासाठी वेगळा स्वयंपाकही करू नका. तेथून तो कोल्लाक सन्निवेशातील पौषधशाळेत गेला.

या प्रसंगातील तीन गोष्टी आजही उपयोगाच्या आहेत. निर्णय त्याने स्वतः घेतला, आजाराने घेतला नाही. हस्तांतर चारचौघांत झाले, त्यामुळे पुत्राचा अधिकार बाजारातही मान्य झाला. आणि जाण्यासाठी त्याच्याकडे एक ठरलेली जागा होती, तिथे करायचे एक ठरलेले काम होते. आपल्याकडे बहुधा या तिन्हींचा अभाव असतो. पुढे उतारवयात आनंदाला अवधिज्ञान झाले. त्याबद्दल खुद्द गौतमस्वामींनी शंका घेतली, तेव्हा भगवंतांनी गौतमांना त्या गृहस्थाकडे जाऊन क्षमा मागण्यास सांगितले. निवृत्तीनंतरच्या काळात माणूस केवळ उरलेले दिवस मोजतो असे नाही, तर आयुष्यात पूर्वी न साधलेले काही तेव्हा साधू शकते, हे या कथेतून आपोआप कळते.

आदिपुराणातील तीन वाटे

दिगंबर परंपरेतही हाच विचार अधिक रेखीवपणे मांडलेला आढळतो. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात गर्भापासून निर्वाणापर्यंतच्या ५३ क्रिया सांगितल्या आहेत. त्यांत 'गृहत्याग' नावाची एक स्वतंत्र क्रिया आहे. घर सोडणारा पिता समाजातील मान्यवरांना बोलावतो, त्यांच्या साक्षीने ज्येष्ठ पुत्राच्या हाती कारभार देतो आणि संपत्तीचे तीन भाग करायला सांगतो. एक भाग धर्मकार्यासाठी, दुसरा घरखर्चासाठी आणि तिसरा भावंडांमध्ये वाटण्यासाठी. या तिसऱ्या भागात पुत्रांच्या बरोबरीने कन्यांनाही समान वाटा द्यावा, असे जिनसेनाचार्य स्पष्ट सांगतात.

अकराशे वर्षांपूर्वीचे हे शब्द आहेत. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्यात मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः सहदायकाचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. तरीही अजून अनेक घरांत मुलीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि 'तिचे लग्न थाटात केले, आता काय' असे म्हणून विषय संपवला जातो. ज्यांना परंपरेचा आधार हवा असेल त्यांनी आदिपुराण उघडून पाहावे. गादी सोडण्याचा विचार करताना वाटणीचा विचार टाळता येत नाही. तो टाळला गेला की पुढे तो न्यायालयात होतो.

सल्ला न देण्याचे व्रत

श्रावकाच्या अकरा प्रतिमांचा क्रम आपल्यापैकी बहुतेकांनी पाठशाळेत पाठ केलेला असतो. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात तो येतो. त्यातील आठवी प्रतिमा आरंभत्याग, नववी परिग्रहत्याग आणि दहावी अनुमतित्याग. हा क्रम थोडा थांबून पाहिला तर त्यामागचे माणसाच्या स्वभावाचे ज्ञान पाहून नवल वाटते. आधी प्रत्यक्ष धंदा सोडायचा, मग मालकी सोडायची आणि सर्वांत शेवटी संसारी कामांत संमती किंवा सल्ला देणे सोडायचे. म्हणजे आपल्या आचार्यांच्या मते धनापेक्षाही अवघड आहे ते मत देणे थांबवणे.

ज्या घरात वडिलांनी दुकान मुलाच्या नावे केले आहे त्या घराला याचा अनुभव असतो. कागदावर सर्व दिलेले असते. पण दुपारी बारा वाजता ते फिरत फिरत दुकानात येतात, बाकावर बसतात आणि नव्या नोकराला विचारतात, 'हा माल किती भावाने दिला?' उत्तर ऐकून काहीच बोलत नाहीत, फक्त मान हलवतात. तेवढ्याने मुलाचा दिवस जातो. गिऱ्हाइकालाही कळते की खरा मालक अजून हाच आहे, आणि पुढच्या वेळी ते सवलत मागायला त्याच्याकडेच जाते.

दहावी प्रतिमा पूर्ण अर्थाने धारण करणे प्रत्येकाला शक्य नाही, तसा आग्रहही नाही. पण तिचा एक लहान अंश प्रत्येक जण घेऊ शकतो. पहिली सहा महिने दुकानाच्या दिशेने न जाण्याचा नियम घ्यावा. देशव्रतात आपण काही काळासाठी हिंडण्याफिरण्याच्या क्षेत्राची मर्यादा बांधतोच. त्यात बाजारपेठेची गल्ली घालायला हरकत नाही. मुलाने विचारले तर सांगावे, एकदाच सांगावे, आणि त्याने तसे केले नाही तर त्याविषयी पुन्हा बोलू नये. त्याचे नुकसान झाले तर? होईल. आपलेही झाले होते. ज्या वर्षी आपण पहिल्यांदा चुकीच्या भावात माल भरला, त्याच वर्षी आपण व्यापार शिकलो, हे कोणत्याही जुन्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

मुलांचेही एक कर्तव्य यात आहे. वडिलांनी विचारायचे थांबवले म्हणून सांगायचे थांबवू नये. महिन्यातून एकदा, घरी, निवांत बसून पेढीचा ढोबळ हिशेब त्यांना ऐकवावा. चाळीस वर्षे ज्या माणसाने रोजमेळ मिळाल्याशिवाय जेवण केले नाही, त्याला आपल्याच पेढीची बातमी शेजाऱ्याकडून कळावी, हे दुःख फार मोठे असते.

कागद आधी

मन मोकळे व्हायचे असेल तर कागद आधी मोकळे व्हावे लागतात. व्यापारी कुटुंबांत याबाबत जी ढिलाई असते ती इतर कोणत्याही हिशेबात आपण चालवून घेणार नाही. काही मुद्दे येथे नोंदवतो. प्रत्यक्ष पाऊल उचलताना आपल्या वकिलाचा आणि सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

भागीदारी पेढीतून निवृत्त होणाऱ्याने केवळ नवा करारनामा करून थांबू नये. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ३२ प्रमाणे निवृत्तीची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत पेढीच्या पुढील व्यवहारांसाठी त्रयस्थांना तो जबाबदार राहू शकतो. निबंधकाकडे नोंद आणि वर्तमानपत्रातील सूचना या गोष्टी म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. तसेच बँकेच्या कॅश क्रेडिटला दिलेली वैयक्तिक हमी भागीदारी सोडल्याने आपोआप संपत नाही. बँकेकडून लेखी मुक्तता घ्यावी लागते, नाहीतर राहते घर पेढीच्या कर्जाला बांधलेलेच राहते. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर मुलाला स्वतःच्या पॅनवर जीएसटीची नवी नोंदणी घ्यावी लागते. वडिलांच्याच क्रमांकावर मुलगा धंदा चालवत राहिला, तर चुकीची नोटीस वडिलांच्या नावाने येते.

मृत्युपत्राविषयी आपल्याकडे अजून अशुभाची भावना आहे. खरे तर ते लिहायला काही फार लागत नाही. लिहिणाऱ्याची सही आणि तिच्यावर साक्ष देणारे दोन साक्षीदार पुरतात; नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली. ज्याला वारसा मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, एवढे पथ्य पाळावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हयातीतच सर्व काही देऊन टाकण्याची घाई करू नये. त्याग आणि निराधारपणा यांत अंतर आहे. पती-पत्नी दोघांच्या पुढील वर्षांचा खर्च, औषधोपचार आणि दानधर्म यांसाठी स्वतंत्र रक्कम स्वतःच्या नावावर असावी, म्हणजे मंदिरात बोली बोलताना किंवा नातवंडाच्या हातात नोट ठेवताना मुलाकडे पाहावे लागणार नाही. साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी असलेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत गुंतवता येतात आणि व्याज दर तिमाहीला हाती येते. घर किंवा दुकान बक्षीसपत्राने द्यायचेच असेल तर त्यात सांभाळाची अट स्पष्ट लिहावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासंबंधीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, अशा अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. आपल्या घरी याची गरज पडणार नाही, ही भावना चांगलीच आहे. तरी विमा उतरवताना आपण आगीची वाट पाहत नसतो.

घरातील दुसरी व्यक्ती

शेठजी निवृत्त होतात तेव्हा शेठाणींच्या आयुष्यातही मोठा बदल होतो, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. चाळीस वर्षे सकाळी दहा ते रात्री आठ घर त्यांच्या ताब्यात होते. दुपारची सामायिक, शेजारणींबरोबरचा स्वाध्याय, लेकीशी फोनवर बोलणे, या सर्वांची एक घडी बसलेली असते. आता अकरा वाजता चहाची मागणी येते, साडेअकराला भाजी कोणती याची चौकशी होते आणि बाराला तेलाच्या डब्याचा हिशेब विचारला जातो. दुकानात वापरलेली नजर घरात वापरली की घर दुकान होते.

ज्या व्यवहाराला निवृत्तीचे नावच नाही असा व्यवहार म्हणजे स्वयंपाकघर. पति निवृत्त झाला तरी पत्नी सकाळी सहाला उठून उकळलेले पाणी गाळून ठेवतेच आणि सूर्यास्तापूर्वी सर्वांचे जेवण व्हावे म्हणून चारपासून धावपळ करतेच. म्हणून निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात पतीने घरातील दोन-तीन कामे कायमची आपल्याकडे घ्यावीत. बाजारातून भाजी निवडून आणणे, पाणी गाळणे, दुपारी नातवंडांना शाळेतून आणणे, जेवणानंतरची आवराआवर. यात कमीपणा कसला? चौविहाराच्या घाईच्या वेळी वाढायला दोन हात अधिक असले तर व्रत पाळणे सर्वांनाच सोपे होते.

आणि जसा सासऱ्याने गल्ला सोडायचा, तसाच सासूनेही कोठीघराच्या किल्ल्या सोडायच्या असतात. लोणच्याचा मसाला सुनेने वेगळा घातला तर तोही चाखून पाहावा. आनंद श्रावकाची पत्नी शिवानंदा हिनेही भगवंतांकडून श्रावकव्रते घेतली, असे सूत्रात आहे. उतारवयातील वाट दोघांनी मिळून चालायची असते. दोघांनी एकत्र एखादा ग्रंथ वाचायला घेणे, दर महिन्याला एका तीर्थाला जाणे, हे ज्या घरांत सुरू होते तिथे पन्नास वर्षांच्या संसारात न झालेले बोलणे होते.

दिवस कशाने भरावा

व्यापाऱ्याच्या दिवसाला घंटा नसली तरी ताल असतो. सकाळची उघडझाप, मालगाडी, दुपारची मंदी, संध्याकाळची गर्दी, रात्रीचा मेळ. हा ताल तुटला की दिवस वाळूसारखा निसटतो. म्हणून नव्या दिवसालाही वेळापत्रक हवे, आणि ते आपल्या धर्माने आधीच आखून ठेवले आहे. सामायिक म्हणजे दोन घटिका, ४८ मिनिटे. दुकान उघडायची घाई असताना चाळीस वर्षे आपण ती घड्याळाकडे पाहत केली. आता ती शांतपणे करता येते. स्वाध्यायासाठीही हीच वेळ योग्य आहे. आपण ज्या सूत्रांचा अर्थ न कळता उच्चार करत आलो त्यांची भाषा शिकण्याची संधी आता मिळते. पुण्यात नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'सन्मति-तीर्थ' संस्थेच्या प्राकृत आणि जैनविद्येच्या अभ्यासक्रमांत केस पांढरे झालेले विद्यार्थी आणि विद्यार्थिनी मोठ्या हौसेने परीक्षा देतात.

पण दिवसभर धर्मस्थानात बसणे सर्वांच्या प्रकृतीला मानवत नाही, आणि चाळीस वर्षे कमावलेली व्यवहारबुद्धी वाया घालवणे हेही योग्य नाही. ती कुठे उपयोगी पडते याची काही उदाहरणे घेऊ.

गावोगावच्या पांजरपोळांना, पाठशाळांना आणि धर्मशाळांना पैशापेक्षा चोख हिशेबाची गरज अधिक असते. घाऊक भावात चारा केव्हा भरावा, गोदामात ओल कशी टाळावी, धान्याचा दर्जा हातावर घेऊन कसा ओळखावा, हे भुसाराच्या व्यापाऱ्याइतके कोणाला कळते? एखाद्या गोशाळेचा वर्षाचा चारा योग्य हंगामात खरेदी करून देणे हे मोठ्या देणगीइतकेच मोलाचे दान आहे.

दुसरे क्षेत्र श्रुतसेवेचे. विदर्भातील कारंजा येथील शास्त्रभांडारांतील हस्तलिखितांच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी अपभ्रंश ग्रंथांचे संपादन केले, तेव्हा शतकानुशतके पोथ्या कापडात बांधून जपणाऱ्या अनाम श्रावकांचे श्रम फळाला आले. आजही अनेक मंदिरांतील कपाटांत पोथ्या आहेत. त्यांची यादी करणे, धूळ झाडणे, कसरीपासून वाचवणे, जाणकारांच्या मदतीने छायाचित्रे काढून ठेवणे, हे काम पंडित नसलेल्या माणसालाही करता येते. श्वेतांबर समाजात कार्तिकातील ज्ञानपंचमी आणि दिगंबर समाजात ज्येष्ठातील श्रुतपंचमी याच कामासाठी आहेत. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या मोडी किंवा महाजनी लिपीतील वह्या आहेत त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत. लिपी शिकून त्या वाचल्या तर घराण्याचा, पेठेचा आणि गावाचा इतिहास हाती लागतो. मारवाडातून किंवा गुजरातेतून आलेल्या आपल्या पूर्वजांनी पहिली जागा कोणाकडून भाड्याने घेतली, दुष्काळात कोणाला धान्य उधार दिले, हे नातवंडांना सांगायला दुसरे साधन नाही.

तिसरे क्षेत्र तरुणांना उभे करण्याचे. आपल्या मुलाला दिलेला सल्ला त्याला टोचतो, पण परक्या तरुणाला तोच सल्ला हवा असतो. नव्याने दुकान टाकणाऱ्या एखाद्या होतकरू मुलाला, मग तो कोणत्याही समाजाचा असो, आठवड्यातून दोन तास बसून उधारी कशी ठेवावी आणि नफा कशाला म्हणावे हे शिकवावे. अनुमतित्यागाने बंद झालेले दार येथे चांगल्या कामासाठी उघडते.

मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्यांची उदाहरणेही आपल्यासमोर आहेत. जळगावचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलविक्रीने व्यवसायाची सुरुवात केली. उद्योग वाढला, पुढे कारभारात मुले आली, आणि वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, २०१२ मध्ये, त्यांनी जैन हिल्सवर 'गांधी तीर्थ' उभे करून लोकांसाठी खुले केले. शांतिलाल मुथ्था यांनी तर म्हातारपणाची वाट न पाहता तरुण वयातच व्यवसायातून बाजूला होऊन भारतीय जैन संघटनेच्या कामाला वाहून घेतले. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी संघटनेने घेतली. सर्वांना एवढे जमेल असे नाही. मात्र वेळ शिल्लक राहिल्यावर सेवा करू, असे न म्हणता सेवेसाठी वेळ शिल्लक काढता येतो, एवढे यावरून दिसते.

देहाची निगा

गादीवर बसून चाळीस वर्षे काढलेल्या शरीराची एक वेगळीच तक्रार असते. पोट सुटलेले, गुडघे आखडलेले, पाठ वाकलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि स्नायूंच्या बळाचे व तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. तोलाकडे आपण दुर्लक्ष करतो. पडण्यामुळे होणारे अस्थिभंग उतारवयात माणसाला जायबंदी करतात. शिखरजीची वंदना सुमारे २७ किलोमीटरची आहे, शत्रुंजयाला साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. डोलीत बसून यात्रा करण्यापेक्षा पायी करायची इच्छा असेल तर रोज सकाळचे मंदिर चालत गाठण्यापासून तयारी सुरू करावी.

आपल्या आहारपद्धतीचे लाभ पुष्कळ आहेत, पण दोन गोष्टींची काळजी घ्यावी. शाकाहारात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते. विस्मरण, पायांना मुंग्या येणे, थकवा ही लक्षणे वयाची म्हणून सोडून न देता रक्ततपासणी करून घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास, आयंबिल किंवा अठ्ठाई ठरवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण औषध तेवढेच आणि आहार बंद अशा स्थितीत रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. शक्तीनुसार तप, ही मर्यादा शास्त्रानेच घालून दिली आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचारसंरक्षण २०२४ पासून मिळते. त्याचे कार्ड काढून ठेवावे.

दुसरी गादी

एका मोहापासून मात्र सावध राहायला हवे. दुकानाची गादी सोडलेले अनेक जण वर्षभरात संस्थेच्या गादीवर बसतात आणि मग तिथून उठत नाहीत. मंदिराचे विश्वस्तपद, संघाचे अध्यक्षपद, स्थानकाची कार्यकारिणी. पेढीवर मुलाला बोलू दिले नाही म्हणून जी तक्रार घरात होती, तीच आता समाजात होते. तरुण सभेला येत नाहीत, असे आपण म्हणतो. सभेत बोलायला मिळाले तर ते येतील. सेवेचे पद ठरावीक मुदतीसाठी घ्यावे, मुदत संपली की हिशेब वाचून दाखवून, पुढच्याला खुर्ची देऊन बाजूला व्हावे. परिग्रह जसा धनाचा असतो तसा पदाचाही असतो, आणि पदाच्या परिग्रहाचे परिमाण बांधण्याची कल्पना आपल्या समाजात अजून रुजायची आहे.

शुभ मुहूर्त

हस्तांतराला मुहूर्त हवाच असेल तर दीपावलीहून चांगला कोणता? अमावास्येला भगवान महावीरांचे निर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवसापासून वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते. त्याच सुमारास पेढीवर नव्या वह्यांची पूजा होते. आजवर वहीच्या पहिल्या पानावर 'शुभ' आणि 'लाभ' वडील लिहीत आले असतील. ज्या वर्षी मनाची आणि कागदांची तयारी झाली असेल त्या वर्षी ही लेखणी मुलाच्या, मुलीच्या किंवा सुनेच्या हाती द्यावी. आप्तेष्ट, जुने मुनीमजी, शेजारचे व्यापारी यांना बोलवावे, आनंद श्रावकाप्रमाणे त्यांना गोड जेवू घालावे. इतक्या वर्षांत गादीवरून कोणाला कठोर बोलले गेले असेल तर त्यांची क्षमा मागावी. नोकरांची तर आवर्जून मागावी. मुलानेही वडिलांची मागावी.

त्यानंतर वही मिटवून घरी जाताना किल्ल्या कमरेला नसतील. कदाचित काही दिवस हात सवयीने तिकडे जाईल. पण सकाळी सामायिकेला बसताना घड्याळाकडे पाहायची घाई नसेल आणि दुपारी पाठशाळेतील मुले वाट पाहत असतील.